फळी पाण्यानं धुवायची नसते

१२ मे

या कागदाच्या पाठीमागे बैल छापलेला आहे. त्याचं एक शिंग नीट उठलं, दुसरं उठलंच नाही, म्हणून तो वाया गेला. मी चुरगाळून टाकणार होते, तर दोना ओताविया म्हणाल्या, "थांब. मागची बाजू कोरी आहे ना? त्यावर लिही."

"काय लिहू, बाई?"

"काय वाट्टेल ते. मला दाखवू नकोस. तुझा हात थरथरायचा थांबला पाहिजे एवढंच. आधी पेन धर, मग चाकू धरशील."

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. मग मास्तरीणबाई लग्न करून गेल्या आणि शाळाच बंद पडली. म्हणून माझी अक्षरं अशी मोठी मोठी.

तर मी लिंदाल्वा. नवरा जेनिवाल साव पावलोला इमारतींवर कामाला गेलाय. मी इथे सेर्रा मान्सात सासूजवळ राहते. पोरगी फेब्रुवारीत झाली. पाद्री आलेले नाहीत म्हणून बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही. सगळे तिला पोरगीच म्हणतात.

बाईंकडे मी झाडलोट करते आणि छाप घासते. बाई लाकडाच्या फळीवर चित्र कोरतात. फळीला शाई लावली की वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीनं घासत बसायचं. सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. माझं लक्ष पोरगीच्या झोळीकडे गेलं आणि बैलाचं शिंग गेलं.

१५ मे

बाप्तिस्मा न झालेल्या बाळापाशी रात्रभर दिवा लागतो. दिवा विझला की चेटकीण येते. सासू म्हणते, गावात कुणालाही विचारा.

आमच्याकडे इतकं रॉकेल नसतं. बाईंच्या कारखान्यात डबा असतो, कारण फळ्यांवरची शाई रॉकेलनं पुसतात. मी पहिल्या आठवड्यात घाबरत घाबरत विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "चेटकीण बिटकीण काही नसते गं. पण त्यानं तुला झोप लागणार असेल तर ने बाटली भरून." तेव्हापासून रोज नेते.

झोप काही लागत नाही. मी दिवा बघत बसते.

मला सगळ्याचीच भीती वाटते. घुबडाची, विजेची, पाद्रींची, कारखानदाराच्या कुत्र्याची. आगीची तर फारच. पण ती मी कुणाला सांगत नाही, कागदाला सांगते. या कागदावर मागे नवरदेव आहे, डोकं नसलेला.

२१ मे

बाईंकडे दुपारी जेवायला नुसती जत्रा असते. ज्यानं काही कोरलंय किंवा गाणं रचलंय त्यानं पानावर बसायचं, एवढाच नियम. लाकूड बाई देतात, कागद बाई देतात, वाटाणे-घेवड्याची उसळ पण बाईच देतात. सासू म्हणते, बापानं ठेवलेली जमीन ही बाई बैलाच्या चित्रांत घालवणार.

आता तर बाईंनी बापाचं जुनं पीठघर रिकामं केलंय. तिथं पूर्वी कसाव्याचं पीठ भाजायचे. भिंतींना चुना लावून तिथं गावातल्या सगळ्या कोरणाऱ्यांची चित्रं लावायची, कायमची. संत जुआंवच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे २३ जूनला, दार उघडायचं.

सेउ अमारू म्हणून एक म्हातारे आहेत. बाजारात दोरीवर गाण्यांची पुस्तकं लटकवून विकतात आणि स्वतःच गाऊन दाखवतात. ते उसळ चापत म्हणाले, "ओताविया, जे चित्र बाजारात दोरीवर वाळत घातलेलं असतं ते तू भिंतीवर लावणार, आणि लोक टोपी काढून बघणार?"

"टोपी घालून बघा. पण बघा."

"पाद्री आला तर? तुझा तो सैतान पण लावणार?"

सगळे हसले. बाईंनी पूर्वी गळ्यात पेटी अडकवून वाजवणारा सैतान कोरला होता. पाद्रींना वाटलं त्याचं तोंड आपल्यासारखं आहे. तेव्हापासून बाई देवळात गेल्या नाहीत आणि पाद्री बाईंच्या गल्लीतून गेले नाहीत.

"सैतान दारासमोर लावणार," बाई म्हणाल्या. "अमारू, बास कर, बाकीच्यांना उरू दे."

पीठघरासाठी बाई स्वतः एक मोठी फळी कोरतायत. उंबुरानाच्या लाकडाची, माझ्या हाताएवढी लांब. कोरताना गोड वास सुटतो. मध्ये संत जुआंवची शेकोटी आहे आणि शेकोटीच्या दोन बाजूंना दोन बाया एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. त्या रात्री असा आगीवरून हात धरून संताचं नाव घेतलं की त्या जन्मभराच्या कोमाद्रे होतात, सख्ख्या बहिणींपेक्षा जवळच्या. आमच्याकडे सगळे करतात. मी कधी केलं नाही. आग.

एका बाईच्या कडेवर बाळ आहे. तिला अजून तोंड नाही. दुसरीला बाईंसारखंच लांब नाक दिलंय. बाई बहुतेक सगळ्यांना तसंच नाक देतात.

२९ मे

आज बाईंनी एकदम विचारलं, "माद्रिन्या ठरली का पोरीची?"

माद्रिन्या म्हणजे धर्माची आई. बाप्तिस्म्याला तीच पोराला हातावर घेते, आणि उद्या मला काही झालं तर पोरगी तिची.

मी म्हटलं, "नाही अजून."

"पाद्री २४ जूनला येणार. नंतर एकदम नाताळात."

"हो."

"कुणी मनात आहे का?"

माझ्या मनात कोण आहे ते मी कसं सांगणार? मी मान खाली घालून चमचा घासत राहिले. बाई "हं" म्हणाल्या, आणि त्यांचा चाकू सटकला. त्यांचा चाकू कधी सटकत नाही.

मला वाटतं त्यांना रॉकेल पुरत नाहीये. बाप्तिस्मा लवकर झाला की दिवा बंद होईल म्हणून विचारत असतील. उद्यापासून बाटली अर्धीच भरेन.

३ जून

सासूनं परस्पर ठरवून टाकलं. सरकी काढायच्या कारखान्याचे मालक आहेत, त्यांची बायको दोना सेलेस्ते. सासू तिथं कपडे धुते. सासूनं विचारलं आणि त्या हो म्हणाल्या.

"नशीब काढलंस," सासू म्हणाली. "पोरगीचं नाव सेलेस्ते ठेवायचं. आणि सात वर्षांची झाली की त्यांच्याकडे राहायला जाईल. रोज मांस खाईल."

"राहायला म्हणजे?"

"म्हणजे राहायला. हातभार लावेल घराला. सगळ्यांच्याच जातात."

त्या घरात अशी एक मुलगी आहे. मी तिला नेहमी पाठमोरीच बघितली आहे, फरशी पुसताना. तिचं नावपण सेलेस्तेच आहे. म्हणून तिला धाकटी सेलेस्ते म्हणतात आणि कुत्र्याला सुलतान म्हणतात.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. गप्प बसले. ते मला छान येतं.

माझं पहिलं बाळ नावाशिवाय गेलं. तेव्हाही पाद्री यायचे होते. सासू वाईट नाही, तिलाही तेच आठवतं, म्हणून ती कुणाच्याही दारात जायला तयार आहे. माझ्या मनात दोना ओताविया आहेत. पण त्या कुठे, मी कुठे. त्या रेसिफेला शिकल्या. शहरातून गाडी करून लोक त्यांची चित्रं बघायला येतात. त्यांना मी आमच्या मातीच्या घरात येऊन माझ्या पोरगीची आई व्हा म्हणू? शिवाय पाद्रींशी अबोला. शिवाय त्या हल्ली माझ्यावर रागावलेल्याच असतात.

७ जून

रागावलेल्याच आहेत. दुपारी पांढरं कापड घेऊन शिवत बसल्या होत्या. इतकं बारीक शिवण की डोळे दुखले असतील. मी विचारलं, "काय शिवताय बाई?" तर चटकन मांडीखाली सरकवलं. "बाहुलीचं आहे. पीठघरात ठेवायला."

नंतर म्हणाल्या, "पोरगी इकडे दे. बघू किती जड झाली." घेतली आणि परत देईचनात. मला वाटलं शाईच्या ताटलीपाशी जाईल म्हणून धरून ठेवली असेल. पोरगी त्यांच्या नाकाला धरून लोंबकळली. बाईंनी तिला लोंबकळू दिलं. ओरडता येत नव्हतं वाटतं, नाक बंद होतं.

त्यांनी देवळात घालायचे काळे बूट पण चांभाराकडे टाकलेत. म्हणजे कुठेतरी परगावी जाणार. म्हणजे कारखाना बंद.

सेउ अमारू ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मला ऐकू जाईल असं म्हणाले, "माद्रिन्या कधी आपणहून येते का? मागायला आईनंच जायचं असतं. आपणहून आलेली माद्रिन्या पोराला बाधते."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आमच्या सासूबाई जाऊन आल्या दोना सेलेस्तेंकडे."

अमारूंनी तंबाखू खाली सांडली. आत बाईंनी कात्री आपटली.

"लिंदाल्वा," अमारू म्हणाले, "तुला छापातला केसाएवढा डाग दिसतो, आणि समोर उभं असलेलं माणूस दिसत नाही."

मी वळून बघितलं. समोर कुणीच नव्हतं. म्हातारे झालेत ते.

१३ जून

पोरगीला दोन शिंका आल्या. बाकी काही नाही.

१८ जून

देवा.

आज सकाळी बाई पीठघरात चुन्याचं बघायला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "मोठी फळी पुसून ठेव. परवा तिचा शेवटचा हात." फक्त ते एक तोंड राहिलं होतं. बाकीचं बघायला त्यांनी काल शाई लावून एक कच्चा छाप काढला होता, म्हणून फळी काळीकुट्ट होती.

डब्यात रॉकेल तळाला गेलं होतं. एवढी मोठी फळी पुसली असती तर रात्रीच्या दिव्याला काही उरलं नसतं. आणि नवा डबा शनिवारच्या बाजाराशिवाय येत नाही.

पोरगीनं पण हात शाईत बुडवले होते. मी टपात पाणी घेतलं, साबण घेतला, पोरगीला धुतलं. मग वाटलं, फळी पण धुवून टाकू. खसाखसा घासली. शाई निघाली, फळी इतकी स्वच्छ झाली की मला फार बरं वाटलं. मग दोघींना उन्हात ठेवलं.

पोरगी चांगली वाळली.

फळी कौलासारखी झाली. दोन्ही कडा वर, मध्ये खोलगट. दोन बाया आता आगीवरून हात धरत नव्हत्या, एकमेकींच्या अंगावर चालून येत होत्या. मी दोन्ही हातांनी दाबून बघितली तर मध्ये 'टक' असा आवाज झाला.

बाई आल्या तेव्हा मी उन्हातच उभी होते. त्यांनी फळीकडे बघितलं. फळी हातात घेतली. मग विचारलं, "रॉकेल संपलं होतं?"

मी म्हटलं, "दिव्यापुरतं होतं."

मी पोरगीला उचललं आणि पळत घरी आले. आता मी परत जाणार नाही. सासूला सांगितलं डोकं दुखतंय.

हा कागद मी चुकून बरोबर आणला. मागे घोडा आहे. चांगला उठलाय, फक्त शेपटीवर पोरगीचा अंगठा.

१९ जून

सकाळी सेउ अमारू दारात. "चल. बाई म्हणतात, जिनं वाकवली तिनंच सरळ करायची."

"मारतील का?"

"तुला? ती कोंबडी पण मारत नाही, म्हणून तर रोज उसळ." मग सासूकडे बघून टोपी काढली. "दोना मुंदिन्या, तुम्हीपण चला. तुमच्यासारख्या वजनदार माणसाचं काम आहे."

सासू खूश झाली. ठेवणीतला परकर घालून निघाली. तिला वाटलं वजनदार म्हणजे मोठेपणाचं.

परसात सावलीला दोन ओली पोती अंथरली होती. फळी त्यावर पालथी, कोरलेली बाजू खाली. वर जाड फळकूट. आणि फळकुटावर आळीपाळीनं कवी आणि कोरणारे बसत होते. अमारू म्हणाले, मी सकाळपासून दोन गाणी बसल्या बसल्या रचली, पण माझ्यात वजन नाही.

बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. मला म्हणाल्या, "लाकूड ज्या अंगानं वाळतं त्या अंगाला वळतं. म्हणून त्याच अंगाला ओल द्यायची आणि दाबून धरायचं. सावकाश. काल तू घाई केलीस आणि दोन हातांनी दाबलीस. समजलं?"

"समजलं."

"फळी पाण्यानं धुवायची नसते."

"नाही, बाई."

"आणि रॉकेल संपलं तर सांगायचं. तोंड आहे ना तुला?"

मी मान हलवली. तोंड आहे, पण ते उघडत नाही, हे कसं सांगणार?

मग सासूला बसवलं. फळकूट करकरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तिला वजनाचा अर्थ कळला, पण बाईंनी लगेच कॉफी आणि मक्याचा केक हातात दिला, म्हणून ती बसून राहिली. पोतं ओलं, खालून परकर भिजत होता, वर केक. आणि बोलायला बाई समोर. सासूला आणखी काय हवं.

"आमच्या पोरगीचं सोनं झालं," सासू म्हणाली. "दोना सेलेस्ते माद्रिन्या."

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

"सात वर्षांची झाली की त्यांच्याच घरी. आम्हाला काही त्रासच नाही मग."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हे मला माहीत नव्हतं."

मी पोरगीची टोपी सारखी करत होते.

"लिंदाल्वा, तुला हे हवंय?"

सगळे गप्प झाले. अमारू गप्प झाले म्हणजे विचार करा. मी टोपीची नाडी सोडली आणि परत बांधली. सासू म्हणाली, "तिला काय विचारताय? ती घुबडाला घाबरते."

बाई उठल्या आणि परसाच्या टोकाला जाऊन कोंबड्यांवर ओरडल्या. काय काय ओरडल्या. कोंबड्यांनी काही केलं नव्हतं. फळीचं दुःख किती झालंय ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी काढली तर फळी सपाट. मध्ये मात्र केसासारखी चीर, शेकोटीपासून वरपर्यंत. दोघींच्या बरोबर मधून.

"छापात पांढरी रेघ येईल," मी म्हटलं.

बाईंनी चिरेवरून अंगठा फिरवला. "धूर आहे तो. शेकोटीला धूर कसा नाही ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतायत. पण त्यांनी चाकू घेतला आणि चिरेच्या शेजारी आणखी दोन बारीक रेघा कोरल्या. खरंच धूर झाला.

२१ जून

बाईंनी खोलीचं दार लावून राहिलेलं तोंड कोरलं. मला आत येऊ दिलं नाही. छापसुद्धा स्वतःच घासले. माझ्यावर भरवसा उरला नाही. बरोबर आहे.

सासू बाप्तिस्म्याच्या फ्रॉकसाठी दोना सेलेस्तेंकडे झालर मागायला गेली होती. त्या म्हणाल्या झालर देणार नाही, पाण्यानं खराब होते.

दिव्याचं रॉकेल बाईंनी आज न मागता भरून दिलं, पूर्ण बाटली.

२४ जून, पहाट

झोपलेच नाही. आधी काल काय झालं ते लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

पीठघर भरलं होतं. दारात सैतान. लोक टोपी घालून आत यायचे आणि सैतान बघून काढायचे. भाजलेली कणसं खात खात भिंतीवरची चित्रं बघत होते. "अरे, हा तर आपला बैल!" "ही वरात झेझेची, बघ त्याची चड्डी!" सेउ अमारू कोपऱ्यात दोरी बांधून पुस्तकं विकत होते, म्हणाले, सवय जात नाही.

पाद्री बाप्तिस्म्यांसाठी एक दिवस आधीच गावात आले होते, तेही आले. सगळे बाजूला झाले. त्यांनी सैतानापुढे उभं राहून कमरेवर हात ठेवले. "ओताविया, हा अजून मीच आहे का?"

"नाही, फादर. हा बारीक आहे."

पाद्री आधी लाल झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं. इतके हसले की कणीस खाली पडलं. म्हणजे अबोला संपला. एवढाच होता तो.

मोठं चित्र मागच्या भिंतीवर होतं. मी लांब उभी होते. सासू जवळ जाऊन बघून आली आणि माझा दंड धरला. "अगं बये, ही तर तू!"

मी बघितलं. डावी भुवई वर, उजवी खाली. खालचा ओठ दाताखाली धरलेला. मी घाबरले की तशीच दिसते, आरशात बघितलंय. कडेवरचं बाळ नाकाला हात घालतंय. मी पोरगीला उजव्या कडेवर घेते. फळीवर सगळं उलटं असतं, बाळ डाव्या कडेवर होतं, म्हणून इतके दिवस मला कळलंच नाही.

आणि समोरची ती लांब नाकाची. बाई सगळ्यांना तसं नाक देत नाहीत. मी सगळ्या भिंती फिरून बघितल्या. नवरदेवाला नाही, वऱ्हाडाला नाही, सैतानाला पण नाही. फक्त तिला.

मला पांढरं कापड आठवलं. काळे बूट आठवले. कोंबड्या आठवल्या.

बाहेर शेकोटी पेटली होती, पुरुषभर उंच. बाई पलीकडे एकट्या उभ्या होत्या, काळे बूट घालून. लाकडं तडतडत होती. लहान मुली हात धरून उड्या मारत होत्या. मी पोरगीला कडेवर घेऊन जवळ गेले. आणखी जवळ. तोंडाला झळ लागली तशी पाय मागे आले. मी पोरगीकडे बघितलं. ती आगीकडे बघून हसत होती, मेली. तिला कशाचीच भीती नाही. आणि तिला फरशी पुसायला पाठवणार.

बाजूला आग जरा बसली होती, तिथून मी हात पुढे केला. हात थरथरत होता. पण पुढे होता.

"बाई!"

त्यांनी वर बघितलं.

"दोना ओताविया! माझ्या पोरगीची माद्रिन्या व्हाल का?"

मी इतक्या मोठ्यानं आयुष्यात ओरडले नव्हते. गाणं थांबलं. पेटीवाला थांबला.

बाई तिथूनच ओरडल्या, "इतके दिवस काय करत होतीस, गाढवा? शेंबड्या पोराला कळलं असतं! हात भाजेल, लवकर दे!"

आणि त्यांनी आगीवरून माझा हात धरला. त्यांच्या तळहाताला घट्टे आहेत आणि हात माझ्याइतकाच थरथरत होता. आम्ही संताचं नाव घेतलं आणि तीनदा जागा बदलल्या, रिवाजाप्रमाणे. तिसऱ्यांदा मला आग आठवली पण नाही. परकराची कड जरा करपली.

"आता मी दोना सेलेस्तेला काय सांगू?" सासू म्हणाली.

अमारू म्हणाले, "सांगा, शेकोटीनं आधी नंबर लावला."

सासूनं आमच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. तिचा चेहरा काहीतरी गिळल्यासारखा झाला. मग म्हणाली, "सांगीन मी. मला काय तिची भीती आहे?" दोन पावलं गेली, परत आली. "थोडी आहे. पण कपडे मी धुते तिचे. मला पण काही गोष्टी माहीत आहेत."

आता उजाडतंय. देवळात जायचंय.

२५ जून

झालं.

बाईंनी पिशवीतून पांढरा फ्रॉक काढला. गळ्याला झालर, खाली बारीक टाके. मी म्हटलं, "हा तर बाहुलीचा ना?"

"माझ्या घरात बाहुली बघितलीस कधी?"

फ्रॉक अगदी बरोबर बसला. तरीच सारखं वजन बघत होत्या.

पाद्रींनी विचारलं, "नाव?" सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "माझं नाव नको, जन्मभर लोक चुकीचं लिहितात. आईला विचारा."

मी म्हटलं, "उंबेलिना." माझ्या आजीचं नाव. ती साप हातानं धरायची.

"मोठ्यानं," पाद्री म्हणाले.

"उंबेलिना!" छपरावरची कबुतरं उडाली. पोरगी पाण्याला रडली नाही, पाद्रींचा चष्मा ओढला.

दुपारी परत कारखान्यात. बाई म्हणाल्या, "कोमाद्रे, कॉफी ओत." मी म्हटलं, "हो, बाई." "बाई नाही आता." "हो, कोमाद्रे बाई." म्हणाल्या, हे सुटायला वेळ लागेल. कॉफी पिऊन त्यांनी मला तळहाताएवढी फळी आणि जुन्या छत्रीच्या काडीचं कोरायचं हत्यार दिलं. "काय कोरू?" तर म्हणाल्या, ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ते. मी घुबड काढतेय. अजून कोंबडीसारखं दिसतंय.

हा कागद वाया गेलेला नाही. मागे शेकोटीचा छाप आहे, धुरासकट, पूर्ण चांगला. मी नको म्हटलं, तरी बाईंनी लिहायला दिला.

काल रात्री दिवा लावला नाही. अंधारात मला आधी काही दिसेना, मग पोरगीचा श्वास ऐकू आला, आणि मग थेट सकाळच झाली. दिव्यात रॉकेल तसंच होतं. कारखान्यात नेलं, फडक्यावर ओतलं, आणि मोठी फळी पुसून ठेवली.